बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि बुद्धिबळातला शह: शब्द एक की चार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, 'जरा चेक करून सांग' यातलं चेक आणि बुद्धिबळातला चेक हा इंग्रजीत एकच शब्द आहे, की योगायोगाने सारखे दिसणारे वेगवेगळे शब्द? बँकेचा चेक अरबी 'सक्क'वरून आला असं जिकडेतिकडे फिरतंय, ते खरं का? आणि अमेरिकेत हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात, ते कशावरून?

आधी छोटं उत्तर. चारही चेक एकाच घराण्यातले आहेत आणि त्या घराण्याचा मूळपुरुष फारसी 'शाह', म्हणजे राजा. 'सक्क' हा खरा शब्द आहे, जुना आहे, पण इंग्रजी चेक त्याच्यापासून निघाला असं दाखवणारा दुवा सापडत नाही. हॉटेलच्या बिलाचा उलगडा अमेरिकन रेल्वेच्या पितळी बिल्ल्यांपाशी होतो, त्याकडे नंतर येतो.

मात्र तुमच्या प्रश्नामागचा खरा पेच वेगळा आहे. राजा या अर्थाच्या शब्दाचा अर्थ 'तपासणे' कसा झाला? आणि झाला हे मानायचं कशावरून? उच्चार सारखा वाटतो म्हणून नातं जोडलं तर कुठलाही शब्द कुठल्याही भाषेतून आणता येतो; असल्या फॉरवर्डांची कमतरता नाही. व्युत्पत्ती लावताना तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. उच्चार ज्या वाटेने बदलला त्या वाटेने त्याच काळात दुसरेही शब्द गेलेले दिसायला हवेत. प्रत्येक अर्थ पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडतो, तो क्रम बसायला हवा. आणि एका अर्थावरून पुढच्या अर्थावर पाय टाकायला मधे पायरी हवी, उडी नको. चेक या तिन्ही कसोट्यांना उतरतो, म्हणून तो उदाहरण म्हणून फार चांगला आहे.

सुरुवात इराणातून. बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या डरायसने इ.स.पू. ५२०च्या सुमारास कोरवून घेतलेल्या लेखात तो स्वतःला 'ख्शायथिय ख्शायथियानाम्' म्हणवतो, म्हणजे राजांचा राजा. शेवटचं 'आनाम्' शाळेत संस्कृत घेतलेल्यांना लगेच ओळखू येईल. 'देवानाम्'मधलीच ती षष्ठी बहुवचनाची खूण. 'ख्शायथिय' झिजत झिजत 'शाह' झाला आणि अख्खं बिरुद 'शहेनशहा'. त्याच्या मुळाशी सत्ता चालवण्याचा जो अर्थ आहे तोच संस्कृतात 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' यांच्या मागे आहे. तेव्हा क्षत्रिय आणि बँकेचा चेक हे लांबचे का होईना, भाऊबंद ठरतात.

बुद्धिबळ भारतातून इराणात गेलं, तिथे 'चतुरंग'चं 'चत्रंग' झालं आणि अरबांकडे 'शतरंज'. राजावर हल्ला झाला की खेळाडूने 'शाह!' असं म्हणून समोरच्याला सावध करायचं, हा रिवाज. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तसं बोलणं बंधनकारक नाही, पण शब्द त्या आरोळीतूनच जन्मला. अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला आणि शब्द लॅटिनच्या तावडीत सापडला. लॅटिनमध्ये 'श' नव्हता आणि शब्दाच्या शेवटी येणारा हवेचा 'ह'ही नव्हता. परिणाम: 'स्काक्कुस'. यातून इटालियनमध्ये 'स्काक्की', जर्मनमध्ये 'शाख' ही खेळाची नावं आली.

इंग्रजीतलं रूप जुन्या फ्रेंचमधून आलं आहे आणि तिथे दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे शब्दाच्या आरंभी 'स्क', 'स्ट' अशी जोडी आली की फ्रेंच लोक आधी एक 'ए' लावत. आपल्याकडे स्कूलचं इस्कूल आणि स्टेशनचं इस्टेशन होतं, अगदी तेच. इंग्रजीत 'स्टेट' आणि 'इस्टेट' असे दोन शब्द दिसतात ते याच सवयीमुळे. दुसरी गोष्ट, लॅटिनमधल्या 'का'चा फ्रेंचमध्ये 'च' झाला: 'कामेरा'चं 'चांब्र', ज्यावरून इंग्रजी चेंबर. त्याच नियमाने 'स्काक्कुस'चं 'एशेक' झालं; तेव्हाचा उच्चार 'एसचेक'च्या जवळचा होता. इंग्रजीने पुढचा 'एस' टाकून दिला आणि उरला तो चेक.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा पुरावा आहे. आजच्या फ्रेंचमध्ये तेच अक्षर 'श' असं उच्चारलं जातं, मग इंग्रजीत 'च' का? कारण हा 'च' पुढे फ्रेंचमध्ये 'श' झाला आणि त्याआधी घेतलेल्या शब्दांत इंग्रजीने तो तसाच सांभाळला. 'चीफ' आणि 'शेफ' हा एकच फ्रेंच शब्द दोनदा घेतला आहे. चीफ मध्ययुगात, शेफ १९व्या शतकात. चेकमधला 'च' सांगतो की हा शब्द चीफच्या तुकडीतला आहे, शेफच्या नाही. लेखी पुरावाही तेच सांगतो: बुद्धिबळातला चेक इंग्रजीत १४व्या शतकापासून दिसतो.

फ्रेंच 'एशेक'चं अनेकवचन घेतलं आणि त्यातून 'चेस' झालं. म्हणजे 'चेस' आणि 'चेक' ही एकाच शब्दाची अनेकवचनी आणि एकवचनी रूपं आहेत. चेसचा मूळ अर्थ, शब्दशः घेतला तर, 'राजे'.

'चेकमेट'बद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. एक, 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला', अरबी 'माता' या क्रियापदावरून. दुसरं, फारसी 'मात' म्हणजे हतबल, गांगरलेला. बहुतेक अभ्यासकांचा कल दुसऱ्याकडे आहे आणि खेळही त्याच बाजूने साक्ष देतो. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला घर उरत नाही आणि डाव तिथेच संपतो.

मराठीचा खरा संबंध येतो तो इथे. 'शह', 'शह देणे', 'काटशह', 'मात करणे' हे शब्द आपल्याकडे फारसीतून आलेले आहेत, इंग्रजीशी त्यांचा काही संबंध नाही. दख्खनच्या सुलतानी दरबारांत फारसी होती, तिथून खेळाची भाषा मराठीत आली आणि पटाबाहेर पडून राजकारणात स्थिरावली. इंग्रजी चेक निघाला त्याच शब्दापासून, पण गेला अरबी, लॅटिन, फ्रेंच या लांबच्या वळशाने. बातमीत 'शह-काटशहाचं राजकारण' वाचताना आणि इंग्रजीत 'टू कीप इन चेक' वाचताना आपण एकाच शब्दाच्या दोन प्रती वाचत असतो. 'शह'चा मराठीतला अर्थही जसाच्या तसा जुळतो: अडवणं, दबावाखाली ठेवणं.

आता अर्थाच्या पायऱ्या. राजाला शह बसला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो सोडवावा लागतो. तुमची चाल कितीही सुंदर असो, ती थांबते. त्यावरून चेक म्हणजे अचानक बसलेली खीळ, मग लगाम, अंकुश. ससाण्यांच्या शिकारीतही हा शब्द होता: ससाणा ठरलेलं सावज सोडून भलत्याच पाखरामागे गेला तर त्याला चेक म्हणत. 'तपासणे' हा अर्थ मात्र खूप नंतरचा, १७व्या शतकाच्या अखेरीस रुळलेला.

लगाम ते तपासणी ही पायरी अनेकांना बसत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. ज्याच्या हातून पैसा किंवा माल जातो त्याला लगाम घालायचा कसा? रोज मागे उभं राहून नव्हे. त्याच्या नोंदीला समांतर दुसरी नोंद दुसऱ्याच माणसाने ठेवायची. दोन्ही जुळल्या तर ठीक, नाहीतर विचारणा. ही दुसरी नोंद म्हणजे पहिलीवरचा चेक, म्हणजे अंकुश. हळूहळू 'अंकुश ठेवणं' आणि 'दोन नोंदी ताडून बघणं' यांत फरक उरला नाही. ब्रिटिश आरमाराच्या गोद्यांमध्ये 'क्लार्क ऑफ द चेक' असं पद होतं. कामगारांची हजेरी घेणं आणि पगार त्या हजेरीशी जुळतो का हे पाहणं हे त्याचं काम. आजही आपल्या बँकांत एकजण व्यवहार टाकतो आणि दुसरा तो मंजूर करतो, त्याला सर्रास 'मेकर-चेकर' म्हणतात. त्या चेकरमध्ये लगाम आणि तपासणी हे दोन्ही अर्थ अजून शाबूत आहेत.

इथपर्यंत आली ती राजाची, म्हणजे आरोळीची शाखा. दुसरी शाखा पटाची, आणि मला विचाराल तर तीच जास्त मजेची.

बुद्धिबळाच्या पटाला मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकारियुम' आणि इंग्लंडच्या दरबारी फ्रेंचमध्ये 'एशेकिएर' म्हणत. पटासारखी काळीपांढरी घरं म्हणून कापडाच्या चौकड्यांना 'चेकर' आणि त्याचंच आखूड रूप 'चेक' हे नाव पडलं, सुमारे १४०० पासून. चेक्सच्या शर्टाचा प्रश्न इथे सुटतो. मराठीत त्याला 'चौकड्यांचा' म्हणायची सोय आधीपासून आहे. 'चौकडीचं लुगडं' म्हटलं की आजही कुणाला समजवावं लागत नाही. शर्यतीच्या शेवटी फडकणारा चौकड्यांचा झेंडा आणि अमेरिकेतला 'चेकर्स' नावाचा सोंगट्यांचा खेळ, हेही याच शाखेतले.

याच पटावरून इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचं नाव पडलं: 'एक्सचेकर'. तिथल्या अर्थमंत्र्याला अजून 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. खजिन्याचा आणि बुद्धिबळाचा काय संबंध, तर खजिन्यातलं टेबल. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकात खजिन्याच्या कारभाराची जी लॅटिन माहितीपुस्तिका लिहिली तिच्यात या टेबलाचं मोजमाप दिलं आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेने चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही खाली पडू नये. त्यावर दर ईस्टरच्या सत्रात नवं काळं कापड घालायचं आणि त्या कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा.

त्या रेघांमधले खाने म्हणजे हिशोबाचे स्तंभ. उजवीकडून पहिला पेनीचा, मग शिलिंगचा, मग पौंडांचा, मग विसांचा, मग शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. समजा एखाद्या परगण्याच्या शेरीफने, म्हणजे राजासाठी महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, १५२ पौंड, ७ शिलिंग, ४ पेनी भरायचे आहेत. हिशोबनीस एका ओळीत सोंगट्यांसारखी नाणी मांडणार: शेकड्यांत एक, विसांत दोन, पौंडांत बारा, शिलिंगांत सात, पेनींत चार. खालच्या ओळीत त्याने आणलेली रक्कम, समजा १२० पौंड: शेकड्यांत एक, विसांत एक. मग वरच्या ओळीतून तेवढी उचलायची. उरलं विसांत एक, पौंडांत बारा, सात आणि चार, म्हणजे ३२ पौंड, ७ शिलिंग, ४ पेनी. कागद नाही, पेन नाही, आणि अक्षरओळख नसलेल्या शेरीफलाही बाकी डोळ्यांसमोर दिसते.

हे सगळं कशासाठी? कारण तेव्हा आकडे रोमन होते. त्या आकड्यांत शून्य नाही आणि स्थानाला किंमत नाही, त्यामुळे कागदावर वजाबाकी करणं म्हणजे शिक्षा. कापडावर मात्र रिकामा खाना शून्याचं काम करतो. टेबलाच्या एका बाजूला खजिनदार, समोर शेरीफ, आणि मधे चौकड्यांचा पट. फिट्झनील स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात दोन राजे झुंजतात तशी इथे मुख्यतः दोघांची झुंज असते. नाव त्यामुळे दुहेरी शोभलं.

'एक्सचेकर'मधला 'एक्स' ही तर पंडितांची करामत आहे. मूळ 'एशेकिएर'मधला 'एस' हे लॅटिन 'एक्स'चं बिघडलेलं रूप आहे असं समजून त्यांनी तो 'सुधारला'. वर पाहिलं तसं तो 'ए' इस्कूलमधल्या 'इ'सारखा होता. सुधारायला तिथे काही नव्हतं.

पैसे भरल्याची पावती म्हणून खजिना काठी देत असे, तिला 'टॅली' म्हणत. आपले हिशोबनीस 'आकडे टॅली होत नाहीत' म्हणतात तीच टॅली. काठीवर खाचा कोरायच्या आणि खाचेची जाडी ठरलेली: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याची, विसाला करंगळीची, एका पौंडाला भरल्या जवाच्या दाण्याएवढी, आणि पेनीला लाकूड न काढता नुसती चीर. मग काठी उभी चिरायची. मोठा भाग पैसे भरणाऱ्याकडे, लहान भाग खजिन्यात. लहान भागाला 'फॉइल' म्हणत. पुढे वाद झाला की दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. एका बाजूला चोरून जास्तीची खाच पाडली तर ती दुसऱ्या भागात पुढे जात नाही. ही पद्धत १९व्या शतकापर्यंत टिकली. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, म्हणजे संसद, जळून गेली.

बँकेच्या चेककडे यायला एवढी तयारी लागते, कारण दोन्ही शाखा तिथे पुन्हा गाठ घेतात. १८व्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' हा शब्द पैशांच्या कागदाच्या स्थळप्रतीसाठी, म्हणजे काउंटरफॉइलसाठी वापरलेला दिसतो. फाडून दिलेल्या कागदावरचा अंकुश म्हणजे मागे राहिलेला तुकडा, म्हणून तो चेक. दोन्हींच्या मधे नक्षी छापायची आणि तिच्यातूनच कापायचं, म्हणजे बनावट कागद जुळवून बघताच उघडा पडतो. काठीचीच युक्ती कागदावर आली. मग स्थळप्रत असलेल्या छापील नमुन्यालाच चेक म्हणू लागले, आणि १८व्या शतकाच्या अखेरीस नाव त्या आदेशाला चिकटलं जो फाडून दिला जातो. नाव मागे राहणाऱ्या तुकड्याचं होतं, ते लागलं निघून जाणाऱ्याला.

वस्तू मात्र शब्दापेक्षा जुनी आहे. लंडनच्या मॉरिस आणि क्लेटन या पेढीवर काढलेला ४०० पौंडांचा १६५९ सालचा हस्तलिखित आदेश उपलब्ध आहे आणि तो सगळ्या अर्थांनी चेकच आहे. तेव्हा त्याला 'ड्रॉन नोट' म्हणत.

स्पेलिंगचा गोंधळही यातूनच. मूळ स्पेलिंग सी-एच-ई-सी-के. पैशांचा संबंध असल्यामुळे 'एक्सचेकर'ची छाया पडली आणि सी-एच-ई-क्यू-यू-ई असं रूप आलं. १९व्या शतकात ब्रिटनमध्ये तेच पक्कं झालं. अमेरिकेने जुनं ठेवलं. भारतात परक्राम्य संलेख अधिनियम १८८१च्या कलम ६ मध्ये चेकची व्याख्या आहे आणि तिथे ब्रिटिश स्पेलिंग आहे. तेव्हा कोणतं बरोबर हे वाचणारा कोण यावर ठरतं: भारत, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियासाठी 'क्यू'चं, अमेरिकेसाठी 'के'चं. फक्त बँकेच्या चेकपुरतं हं. 'तपासणे' आणि 'चौकडा' सगळीकडे 'के'नेच लिहायचं. 'क्यू'ने 'प्लीज चेक' लिहिलेले ईमेल कार्यालयांत फिरताना दिसतात, ते कुठल्याच देशात चालत नाही.

आता 'सक्क'. अरब व्यापारी मध्ययुगात पैसे देण्याचा लेखी आदेश वापरत आणि त्याला 'सक्क' म्हणत, हे खरं. त्याचं अनेकवचन 'सुकूक' आज इस्लामी रोख्यांचं नाव म्हणून वित्तबाजारात रोज ऐकू येतं. पण इंग्रजी शब्दापर्यंत यायला त्याला मधली माणसं लागतात: लॅटिनमध्ये, इटालियन सावकारांच्या वह्यांत, फ्रेंचमध्ये या अर्थाने तो दिसायला हवा. तिथे दुवा तुटतो. उलट चेकचा प्रत्येक टप्पा इंग्रजीतच, तारीखवार सापडतो, आणि पहिला टप्पा स्थळप्रतीचा आहे, आदेशाचा नाही. 'सक्क'वरून आला असता तर पहिल्या दिवसापासून आदेशाचाच अर्थ असता. फ्रेंच 'शेक' आणि जर्मन 'शेक' ही बँकेच्या चेकची नावं इंग्रजीतून घेतलेली आहेत, आणि आजच्या अरबीतलं 'शीक'ही युरोपातूनच परत आलेलं. कल्पना जुनी असणं आणि शब्द तिथून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुंडी आपल्याकडेही जुनीच; तिच्याकडून चेकला नाव नाही मिळालं, क्रियापद मिळालं. हुंडी वटायची, म्हणून चेक वटतो.

अमेरिकेतल्या बिलाकडे येऊ. स्थळप्रत जशी जुळवून बघायची तसाच सामानाचा बिल्ला. १९व्या शतकात अमेरिकन रेल्वेत एकाच क्रमांकाचे दोन पितळी बिल्ले असत: एक पेटीच्या पट्ट्याला, दुसरा प्रवाशाच्या हातात. उतरल्यावर दोन जुळले की पेटी मिळणार. या बिल्ल्याला 'चेक' म्हणत, आणि विमानतळावर सामान 'चेक-इन' करणं हे याच वळणाचं. खाणावळीत काय काय खाल्लं याची नोंद असलेली चिठ्ठी हीही अशीच ताडून बघायची, म्हणून तीही चेक. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर पुढच्या वेळी यायला चालणारा तिकिटाचा फाडलेला तुकडा म्हणजे 'रेन चेक', हे १८८०च्या दशकातलं. आमंत्रण नाकारताना अमेरिकन माणूस 'रेन चेक' म्हणाला तर त्याला 'आज नको, पुन्हा केव्हातरी' एवढंच म्हणायचं असतं. ब्रिटिशांचा 'टिक' अमेरिकनांचा 'चेक मार्क', तोही पडताळल्याची खूण म्हणूनच.

आता भाषांतर करणाऱ्यांसाठी थोडं, कारण बहुतेक चुका इथे होतात. सर्वांत घातकी शब्द 'अनचेक्ड'. 'अनचेक्ड पॉवर' म्हणजे बेलगाम, निरंकुश सत्ता. 'न तपासलेली सत्ता' असं छापलेलं आढळतं, ते निरर्थक आहे. 'अनचेक्ड प्रूफ' म्हणजे मात्र न तपासलेलं प्रूफ. आणि फॉर्मवरचा 'अनचेक्ड बॉक्स' म्हणजे टिक न केलेला चौकोन. एकाच शब्दाचे तीन अर्थ. कुठला घ्यायचा ते शेजारचं नाम ठरवतं. सत्ता, राग, रोग, वाढ अशी पसरणारी गोष्ट असेल तर लगामाचा अर्थ. कागद, आकडा, विधान असेल तर पडताळणीचा. पडद्यावरची किंवा फॉर्मवरची जागा असेल तर खुणेचा.

'चेक्स अँड बॅलन्सेस'चं 'तपासणी आणि शिल्लक' हे यंत्राने केलेलं भाषांतर मी संपादित मजकुरातही पाहिलं आहे. तिथे 'चेक' म्हणजे अंकुश: 'अंकुश आणि समतोल' किंवा 'नियंत्रण आणि संतुलन'. युद्धाच्या वर्णनात 'द ॲडव्हान्स वॉज चेक्ड' आलं तर 'आगेकूच रोखली गेली'. 'चेक विथ हिम' म्हणजे त्याला तपासायचं नाही, विचारायचं. बँकेच्या चेकला कायदेशीर आणि सरकारी मजकुरात 'धनादेश' लिहावं, संवादात नको. 'माझा धनादेश अनादरित झाला' असं कुणी बोलत नाही, 'चेक बाउन्स झाला' किंवा 'वटला नाही' म्हणतात. 'चेकपोस्ट'ला तपासणी नाका हा शब्द चालतो, पण बोलण्यात मराठीने त्याचा स्वतःचाच जोड बनवला, 'चेकनाका'. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली, तरी रिक्षावाल्याला मुलुंड चेकनाकाच सांगावं लागतं.

शेवटी, सारखे दिसणारे पण नात्यातले नसलेले. चेक प्रजासत्ताक, ज्याला काहीजण झेक लिहितात, हे बोहेमियातल्या स्लाव्ह लोकांच्या नावावरून आलं आहे. राजाशी किंवा पटाशी त्याचा संबंध नाही. 'टीममेट'मधला 'मेट' जर्मानिक कुळातला, एकत्र जेवणारा या अर्थाचा. चेकमेटमधला मेट वेगळा. गुजराती शहा या आडनावाची व्युत्पत्तीही सहसा संस्कृत 'साधु'वरून, 'साह' या व्यापारीवाचक शब्दातून लावतात, फारसी शाहवरून नव्हे. मराठीतल्या 'शह', 'मात', 'बादशहा' यांच्यासाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश हाताशी ठेवा. इंग्रजी शब्दांसाठी कोश असा निवडा की ज्यात प्रत्येक अर्थासमोर पहिल्या वापराचं साल दिलेलं असेल. साल नसलेली व्युत्पत्ती मी तरी अर्धीच धरतो.